सानगडीचा तलाव आणि राजानुग्रह

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांत सानगडी हें गांव आहे. गांवांत सहानगड नांवाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि किल्ल्याइतकाच, किंबहुना आमच्या मतें त्याहून अधिक, पाहण्याजोगा असा तेथील तलाव आहे. किल्ला पाहावयास येणारी मंडळी बुरुजाचे दगड न्याहाळतात, छायाचित्र घेतात व परत जातात. तलावाच्या पाळीवर सहसा कोणी उभा राहत नाहीं. वस्तुतः किल्ला ज्या सत्तेनें उभारला ती सत्ता गेली आणि किल्ल्याचें प्रयोजनही गेलें. तलावाचें प्रयोजन मात्र दर वर्षीं रोवणीच्या दिवसांत प्रत्यक्ष डोळ्यांस दिसतें. इतिहाससंशोधकांनीं आजवर किल्ल्यांस जितकें लक्ष पुरविलें त्याच्या दशांशही तलावांस पुरविलें नाहीं, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. आणि आम्हीही त्या दोषांतून मुक्त नाहीं. शाळेंत असतां मुलांना घेऊन आम्ही किल्लेच दाखवीत हिंडलों.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. या मुलखांतले तलाव कोणीं बांधले यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ते बांधावयास व राखावयास द्रव्य किंवा जमीन कोणीं दिली, कोणत्या अटीवर दिली, आणि अट मोडली म्हणजे काय होत असे, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. हल्लीं हवामानबदलाच्या निमित्तानें सरकारें व आंतरराष्ट्रीय निधि पाण्याच्या मोठमोठ्या कामांस अनुदानें देऊं लागलीं आहेत. त्या कागदांत 'लाभार्थी', 'लोकसहभाग', 'देखभाल' असे शब्द वारंवार येतात. हे शब्द नवे असले तरी त्यांच्या पोटांतील वाद फार जुना आहे, एवढें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

आमचें अध्ययन संस्कृताचें, म्हणून आरंभ तेथूनच करितों. सार्वजनिक जलाशयावर राजकोशांतून खर्च झाल्याची सर्वांत तपशीलवार अशी जुनी नोंद गिरनारच्या शिळेवर आहे. मौर्य चंद्रगुप्ताचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त यानें तेथें सुदर्शन तलाव बांधविला. अशोकाच्या वेळीं यवनराज तुषास्फानें त्यास पाट काढिले. आणि शक ७२ मध्यें, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, अतिवृष्टीनें त्याची पाळ फुटली. भगदाड ४२० हात लांब, तितकेंच रुंद आणि ७५ हात खोल पडलें होतें. त्याचा विस्तार पाहून महाक्षत्रप रुद्रदामन्‌च्या मंत्र्यांनींच हातपाय गाळले. सल्ला देणारे मंत्री व काम करविणारे मंत्री, दोघेही, हें होण्याजोगें नाहीं असें म्हणूं लागले, आणि प्रजेंत हाहाकार झाला. शेवटीं सुविशाख नांवाच्या पह्लव अधिकाऱ्यानें तें काम पुरें केलें. लेखांत राजा अभिमानानें सांगतो कीं, यासाठीं आपण प्रजेवर कर, विष्टि वा प्रणय यांचा भार घातला नाहीं. द्रव्य स्वतःच्या कोशांतून दिलें. विष्टि म्हणजे वेठ. प्रणय म्हणजे प्रेमानें मागितलेली परंतु नाकारतां न येणारी वर्गणी. ज्या वाचकांनीं कधीं गांवच्या सार्वजनिक कामासाठीं 'स्वेच्छेची' वर्गणी भरली असेल त्यांस या शब्दाचा अर्थ विस्तारानें सांगणें नलगे. राजा जें केलें नाहीं म्हणून शिळेवर कोरवितो, तें इतरत्र सर्रास होत असलें पाहिजे, हें अनुमान ओघानेंच येतें.

पुढें सुमारें तीनशें वर्षांनीं, स्कंदगुप्ताच्या काळीं, गुप्त संवत् १३६ मध्यें हाच तलाव पुन्हां फुटला, आणि पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित यानें तो पुन्हां बांधविला. तीन राजवंशांनीं एकाच पाळीवर खर्च केला. परंतु त्या शिळेवर कोरलें गेलें तें केवळ बांधणें, फुटणें व पुन्हां बांधणें एवढेंच. मधल्या शतकांत दर वर्षीं पाळीची बिळें कोणीं बुजविलीं, सांडवा कोणीं साफ ठेविला, याविषयीं शिळा मौन धरिते. तलावाचें आयुष्य तर याच कामावर अवलंबून असतें. इतिहासाच्या साधनांतला हा दोष ध्यानांत ठेविला पाहिजे.

सुदर्शन हें नांव आमच्या विदर्भांतही आलें. वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथें वाकाटक देवसेनाच्या काळचा, शक ३८० चा लेख आहे. त्यांत स्वामिल्लदेव नांवाच्या राजसेवकानें सुदर्शन नांवाचा जलाशय केल्याचें नमूद आहे. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरांतील लेखांतही याच नांवाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. पाणी साठविणें हें पूर्त कर्म असून तें राजकुलास व राजसेवकांस भूषणावह आहे, ही समजूत वैनगंगेच्या प्रदेशाशेजारीं इतक्या जुन्या काळापासून रुजलेली होती.

शिलालेखापेक्षां अर्थशास्त्र अधिक रोखठोक आहे. (हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केला, तोंपर्यंत तो लुप्तच समजला जात होता.) जनपदनिवेशाच्या प्रकरणांत कौटिल्य सांगतो कीं, राजानें सेतु स्वतः बांधावे, किंवा बांधणाऱ्यांस जमीन, वाट, लांकूड व अवजारें देऊन अनुग्रह करावा. हा 'अनुग्रह' शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण हल्लींच्या अनुदानाचा तो पूर्वज आहे. गांवानें मिळून सेतु बांधावयाचा ठरला असतां जो स्वतः येणार नाहीं त्याचे गडी व बैल कामास लावावे, खर्चाचा वांटा त्यानें द्यावा, परंतु फळाचा वांटा त्यास मिळूं नये, असा निर्बंध तेथें आहे. तिसऱ्या अधिकरणांत तर सवलतीचें प्रमाणच दिलें आहे. नवा तलाव बांधणाऱ्यास पांच वर्षें करमाफी. फुटून टाकून दिलेला तलाव सुधारणाऱ्यास चार. झाडझाडोऱ्यानें भरलेला साफ करणाऱ्यास तीन. आणि लगेच दुसरी बाजू: पांच वर्षें ज्या सेतूचें काम बंद पडलें असेल त्यावरचें स्वाम्य लोप पावतें, मात्र आपत्तीचा अपवाद ठेवून. मालक नाहींसाच झाला तर गांवांनीं किंवा पुण्यशील लोकांनीं दुरुस्ती करावी.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. या अनुग्रहांत रोकड फारशी नाहीं. राजा जें देतो तें सोडलेल्या कराचें दान आहे. आणि तो कर सुटतो पिकावर. तलावांत पाणी राहिलें नाहीं तर पीक नाहीं, पीक नाहीं तर करही नाहीं, आणि मग करमाफीचें मोल शून्य! म्हणजे दान असें रचिलें आहे कीं, काम निकृष्ट झालें तर दानही आपोआप नाहींसें होतें. हिशेबतपासनिसाची नेमणूक न करितां साधलेली ही तपासणी आहे. अर्थशास्त्रांतील नियम प्रत्यक्षांत कोठें व किती चालले हा वेगळा प्रश्न. ग्रंथ म्हणजे कारभार नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु हीच रचना पुढें गोंडवनांत प्रत्यक्ष चालल्याचीं चिन्हें आहेत, म्हणून तिचा विस्तार केला.

आतां भंडाऱ्याकडे वळूं. येथील भूमि टेकड्यांची व उताराची. पाऊस भरपूर, परंतु तो चार महिन्यांतच पडून वैनगंगेस मिळावयाचा. भाताचें पीक असें कीं, आश्विनांत एक पाणी चुकलें तर सगळा हंगाम वायां. म्हणून नाल्यांच्या तोंडाशीं पाळी घालून पाणी अडविण्याची विद्या येथें वाढली. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पाणी सोडावयाचें तोंड तें तुडूम. आणि खालीं पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत जाणाऱ्या भाताच्या बांध्या. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाचा भरणा करितो, अशा माळाच्या माळा या मुलखांत आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर मिळून मालगुजारी काळच्या तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन सरकारी भाषेंत त्यांस 'मामा तलाव' म्हणतात. हें नांव प्रथम ऐकिलें तेव्हां आम्हांस हंसूं आलें होतें. आतां तेंच रूढ झालें आहे, आणि भाच्यांनीं मामाचें घर खावें तसें कांहींसें घडलेंही आहे.

या विद्येचा मान मुख्यतः कोहळी ज्ञातीस दिला जातो, आणि तो योग्यच आहे. कोहळी लोकांची परंपरा अशी कीं, चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला, त्यानें तिकडील बांधकामाचे जाणते पाहिले व त्यांस बरोबर आणून वसविलें. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत ही परंपरा नोंदविली आहे. काशीहून आगमन हें मध्य हिंदुस्थानांतील पुष्कळ ज्ञातींच्या उत्पत्तिकथांतील ठराविक कलम असल्यामुळें तेवढ्या भागावर आम्ही भर देत नाहीं. परंतु राजानें जाणत्यांस बोलावून वसविलें हा कथेचा गाभा टाकण्याजोगा नाहीं. नवेगांवबांध हें या विद्येचें सर्वांत मोठें उदाहरण. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें टेकड्यांमधील खिंडी पाळींनीं बंद करून तें सरोवर केलें, असें सांगतात. पुढें तोच कोलासूर देव होऊन सरोवराकांठच्या टेकडीवर बसला. तलाव बांधणारा मनुष्य देव व्हावा आणि किल्ला बांधणारा विसरला जावा, यांत लोकांचा हिशेब स्पष्ट दिसतो.

दानाच्या अटीविषयीं चांद्याकडील परंपरा अधिक बोलकी आहे. लुसी स्मिथ यानें १८६९ च्या सुमारास चांद्याच्या जमाबंदीचा वृत्तान्त लिहिला. त्यांत गोंड राजांच्या कथा संगृहीत आहेत. हीरशहानें अशी द्वाही फिरविली म्हणतात कीं, जो जंगल तोडील त्यास ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाचें पाणी जेवढ्या जमिनीस पोंचेल तेवढी जमीन. ही आख्यायिका आहे, कागद नव्हे. राजाच्या काळानंतर पुष्कळ पिढ्यांनीं लिहिलेली. परंतु तिला पाठबळ देणारी एक निशाणी आजही भूमीवर उभी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कितीएक गांवांच्या नांवाच्या शेवटीं 'तुकूम' हा शब्द येतो. खुद्द चंद्रपूर शहरांत तुकूम नांवाचा भाग आहे. तुकूम म्हणजे पडीत मुलूख लागवडीस आणावा, पाणी अडवावें, या बोलीवर सवलतीच्या सनदेनें दिलेलें गांव. कागद वाळवी खाते. गांवाचें नांव ती खात नाहीं.

हीरशहाची अट आणि कौटिल्याची करमाफी यांची रचना एकच आहे. राजा तलावाचा खर्च देत नाहीं. तलावाचें फळ देतो. पाणी जितकें पोंचेल तितकी जमीन. म्हणजे पाळ उंच घालण्यांत, पाट दूरवर नेण्यांत, तुडूम चोख ठेवण्यांत बांधणाऱ्याचाच लाभ. आणि त्याची घरची शेती पाळीच्या खालींच असल्यामुळें तलाव आटला तर पहिलें शेत सुकावयाचें तें त्याचेंच. यामुळें देखभालीचें वेगळें कलम सनदेंत घालावें लागलें नाहीं.

या व्यवस्थेची स्तुति करितांना तिचें दुसरें अंग झांकूं नये. पाळीची माती ज्यांनीं डोक्यावर वाहिली त्यांस सनदेंत जमीन नव्हती. ढीवरांस मासे व सिंगाडा, कुंभारास माती, गुरांस पाणी, हे हक्क वहिवाटीचे होते. परंतु वहिवाट पाटलाच्या मर्जीवर होती. रुद्रदामन् विष्टि घेतली नाहीं म्हणून अभिमान बाळगितो. येथल्या मालगुजारांपैकीं किती जणांस तसें शपथेवर सांगतां आलें असतें, याविषयीं आम्ही साशंक आहों. जुन्या व्यवस्थेंत पाणी टिकलें याचें कारण मालकाचा स्वार्थ पाण्याशीं बांधलेला होता. मालक सज्जन होता हें नव्हे.

भोसल्यांचा अंमल १८५३ मध्यें संपला आणि १८६१ मध्यें मध्यप्रांत झाला. त्यानंतरच्या जमाबंदींत, जी भंडाऱ्यास लॉरेन्सनें १८६७ च्या सुमारास पुरी केली, पूर्वीच्या मालगुजारांस गांवांचे कायम मालक ठरविलें. वसूल गोळा करणारा पाटील या एका लेखणीच्या फटकाऱ्यानें जमीनदार झाला आणि तलाव त्याची खासगी मालमत्ता ठरला. त्याच वेळीं गांवगांवच्या वाजिब-उल-अर्ज नांवाच्या वहिवाटपत्रकांत रयतेचे पाण्याचे, चराईचे व लांकडाचे हक्क टिपून ठेविले, ही मात्र त्या सरकारची चांगली कामगिरी. आज तलावाच्या पाण्यावर गांवाचा हक्क सिद्ध करावयाचा तर याच पत्रकापर्यंत जावें लागतें.

१८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनीं सरकारचे डोळे उघडले. १९०१ ते १९०३ पर्यंत काम केलेल्या पाटबंधारे आयोगानें मध्यप्रांतांत खासगी तलावांच्या खर्चाचा कांहीं अंश सरकारनें द्यावा अशी शिफारस केली. हल्लींच्या अर्थाचें 'अनुदान' या प्रांतांत आलें तें येथें. त्यांत अजून एक विवेक होता: उरलेला अंश मालकानें घालावयाचा. परंतु त्याच सुमारास सरकारनें स्वतः मोठे तलाव बांधावयास घेतले. बोदलकसा, चोरखमारा, खैरबांदा, चांदपूर हे त्याच दोन-तीन दशकांतले. या दुसऱ्या वाटेनें खात्याचा अभियंता आला, पाणीपट्टी आली, आणि पाणी हा हक्क नसून विकत घ्यावयाचा माल आहे ही कल्पनाही आली.

खरी तुटी १९५१ ची आहे. मध्यप्रदेश विधिमंडळाच्या १९५० च्या कायद्यान्वयें ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली. ती संपावयासच हवी होती. आमच्या घराण्याचीही थोडी जमीन तींत होती, तरी आम्ही हेंच म्हणूं. परंतु त्या दिवशीं काय घडलें तें नीट पाहिलें पाहिजे. कांहीं अपवाद वगळतां तलाव सरकारांत जमा झाले. खालची सीर शेती जुन्या मालकांच्या हातीं राहिली. रयतेचा पाण्याचा हक्क निस्तारपत्रकांत राहिला. तलाव एकाचा, जमीन दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याचें. पाळ फुटली तर कोणाचें नुकसान याचें उत्तर सर्वांस ठाऊक होतें. पाळ कोणीं बांधावी याचें उत्तर कोणासच ठाऊक नव्हतें. भरीस भर म्हणून धनी बदलत गेले: १९५१ मध्यें मध्यप्रदेश, १९५६ मध्यें मुंबई राज्य, १९६० मध्यें महाराष्ट्र, १९६२ मध्यें जिल्हा परिषद. अकरा वर्षांत चार धनी झालेल्या तलावाची दशा चार दत्तकविधानें झालेल्या मुलासारखी झाली.

यापुढील इतिहास योजनांचा आहे व तो आम्ही थोडक्यांत आटोपतों. जलसांठ्यांची दुरुस्ती, नूतनीकरण व पुनरुज्जीवन यांची केंद्र सरकारची योजना २००५ मध्यें प्रायोगिक रूपानें निघाली; रोजगार हमीच्या मजुरींतून गाळ निघाला; डिसेंबर २०१४ पासून २०१९ पर्यंत जलयुक्त शिवार अभियान चाललें; २०१७ मध्यें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. यांतून कांहींच झालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. कितीएक पाळी पुन्हां उभ्या राहिल्या. परंतु या सर्व अनुदानांचें माप कोणतें? घनमीटर. किती गाळ काढिला, किती माती टाकिली, तितका पैसा. पाणी किती दिवस टिकलें, शेवटच्या बांधीस पोंचलें कीं नाहीं, याचें माप नाहीं.

एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाचें एक गांव आहे. त्याचें नांव येथें लिहीत नाहीं. तेथील तलावाचा गाळ यंत्रानें काढिला. ज्यास घनमीटरावर पैसा मिळावयाचा त्यानें जेथें यंत्र सुखानें चालेल तेथें, म्हणजे तळाच्या मध्यभागीं, खोल खड्डा केला. खड्डा तुडमाच्या उंबऱ्याहून कितीतरी खालीं गेला. त्यांतलें पाणी पाटानें शेतांत येणें शक्यच नव्हतें. तें तेथेंच पडून राही. काढलेली माती पाळीच्या आंतल्या उतारावर ढिगानें टाकिली होती, ती दुसऱ्या पावसाळ्यांत पुन्हां तलावांतच गेली. कागदोपत्रीं तलावाचा सांठा वाढला; बांध्यांचें पाणी कमी झालें. आम्हीं तेथल्या एका वृद्ध ढीवरास विचारिलें तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, पहिलें आमाले कोणी इचारलं असतं त सांगतलो असतो, पन आमाले कोणी इचारलंच नाही." त्याच्या म्हणण्यांत आणखी एक गोष्ट होती, जी आमच्या लक्षांत आली नसती: कांठच्या उथळ पाण्यांतलें देवधान व कमळ खणून गेलें, माशांनीं अंडीं घालावीं अशी जागा उरली नाहीं, आणि मोकळ्या जागेंत बेशरम फोफावला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें या भागांत ढीवरांचें हें ज्ञान गोळा करून, बेशरम उपटून, देशी पाणवनस्पति पुन्हां लावण्याचें काम कितीएक तलावांत केलें आहे. त्यास यंत्र लागत नाहीं व खर्चही थोडा येतो. मोठ्या अनुदानाच्या नजरेंत तें न भरण्याचें हेंही एक कारण असावें.

आतां मोठ्या कामाकडे पाहूं. याच जिल्ह्यांत पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांनीं त्याची कोनशिला बसविली. आरंभींचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढें तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. संकल्पित सिंचनक्षेत्र सुमारें अडीच लाख हेक्टर. केंद्राच्या राष्ट्रीय प्रकल्पांत त्याचा समावेश झाला तेव्हां त्या योजनेंत केंद्राचें अनुदान ९० टक्क्यांपर्यंतचें होतें. रुद्रदामन्‌च्या मंत्र्यांनीं भगदाड पाहून नकार दिला. येथें अंदाजपत्रक जवळजवळ पन्नास पट झालें तरी कोणीं नकार दिला नाहीं. भेद इतकाच कीं, रुद्रदामन्‌चा कोश त्याचा स्वतःचा होता. येथें काम करविणारा एक आणि नव्वद टक्के देणारा दुसरा. ज्याच्या खिशांतून दहावाच रुपया जातो त्यास विलंबाची झळ कितीशी लागणार? धरण असूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शेकडों गांवें ज्या पाण्याखालीं गेलीं वा हललीं, तेथें त्या गांवांचे स्वतःचे तलाव, बोड्या व बांध्याही होत्या, हें कोणत्याही अंदाजपत्रकाच्या उण्या बाजूस आम्हीं लिहिलेलें पाहिलें नाहीं.

उलट बाजूचें एक उदाहरण ओडिशाचें आहे. २०१० मध्यें कानकून येथील परिषदेंत हरित हवामान निधि स्थापण्याचें ठरलें. त्या निधीनें २०१७ मध्यें ओडिशांतील जुन्या तलावांतून भूजल भरण्याच्या कामास सुमारें ३ कोटी ४० लाख डॉलरांचें अनुदान मंजूर केलें. एकंदर खर्च साडेसोळा कोटी डॉलरांच्या आसपास आणि तलाव १० हजार; उरलेला भार इतरांनीं, मुख्यतः देशांतूनच, उचलावयाचा. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या निधीसही अखेर गांवतलावच सांपडला! तें काम कसें उतरलें याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. परंतु एका मोठ्या धरणाऐवजीं दहा हजार लहान पाळींवर जागतिक पैसा लागूं शकतो, एवढें त्यावरून सिद्ध होतें. भंडाऱ्याच्या तलावांसाठीं असें कांहीं मागावयाचें झाल्यास मागणाऱ्यानें कोणती अट स्वतःहून पुढें ठेवावी, हा आमच्या मनांतील प्रश्न आहे.

आमचें मत असें. पैसा एकाच वर्षीं न देतां पांच वर्षांत विभागून द्यावा, आणि दर वर्षींचा हप्ता शेवटच्या बांधीस पाणी पोंचल्यावर सुटावा. कोणी म्हणेल, आश्विनांत शेवटच्या बांधीवर जाऊन पाहणार कोण? उत्तर सोपें आहे: त्या बांधीचा धनी. त्याची सही नसेल तर हप्ता नाहीं. कोणी असेंही म्हणेल कीं, दुष्काळांत पाणी न पोंचलें तर निरपराध गांवास शिक्षा होईल. हा आक्षेप खरा आहे, आणि कौटिल्यानें आपत्तीचा अपवाद त्यासाठींच ठेविला आहे. मात्र एक धोका आम्हांस स्पष्ट दिसतो. नव्या अनुदानाबरोबर पाणीवापर संस्था व पाणीपट्टी येण्याचा संभव असतो. २००५ च्या सिंचनव्यवस्थापन कायद्याचा रोख तोच आहे. ज्या गांवाचा पाण्याचा हक्क वाजिब-उल-अर्जांत नोंदलेला आहे, त्या गांवानें तो कागद हातीं नसतां सही केली, तर दीडशें वर्षांचा हक्क एका बैठकींत जाईल, आणि गेला हें कळणारही नाहीं.

हे कागद कोठें आहेत, याचा शोध आम्ही गेलीं कांहीं वर्षें करीत आहों. सरकारी दप्तरखान्यांत कांहीं आहेत. परंतु तलावाच्या सनदा, पाट फिरविण्याचे करारमदार, दोन गांवांतील पाणीतंट्यांचे निवाडे हे बहुधा जुन्या मालगुजारांच्या व पाटलांच्या घरीं पडून आहेत. गेल्या चैत्रांत सानगडीहून परततांना वाटेवरच्या एका गांवीं एका गृहस्थांनीं आम्हांस माळ्यावरून लांकडी पेटी काढून दाखविली. वरचे चार अंगुळें कागद वाळवीनें माती केले होते. खालीं मोडी लिपींतले दहा-बारा बंद शिल्लक होते. त्यांतील दोहोंवर तलावाचें नांव व बांध्यांची मोजणी लागली. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हे तुम्हीच घेऊन जा, पोरं पुढल्या वर्षी घर पाडतात." आम्हीं ते घेतले नाहींत, त्यांच्याच ओसरीवर बसून दोन दिवसांत त्यांच्या नकला केल्या व मूळ कागद त्यांस पत्र्याच्या डब्यांत घालून दिले. त्या नकला वाचून होतांच पुढील अंकासाठीं पाठवूं. साकोली, लाखांदूर, अर्जुनी-मोरगांव या बाजूच्या ज्या वाचकांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं मोडी वाचतां येत नाहीं म्हणून ते टाकून देऊं नयेत. मंडळाच्या पत्त्यावर एक ओळ लिहावी. आम्ही स्वतः येऊं. पावसाळ्यापूर्वीं कळविल्यास बरें.